सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही: दोन वर्षं उभ्या असलेल्या कॅम्पर व्हॅनची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1971 सालची फोक्सवॅगन टाइप 2 कॅम्पर, मागे हवेवर थंड होणारं 1600 सीसीचं इंजिन. गाडी दोन वर्षं एका जागी उभी होती. नवी बॅटरी टाकल्यावर सेल्फ इंजिन व्यवस्थित फिरवतो, पण गाडी चालू होत नाही. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कॉइल (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीसाठी लागणारं मोठं व्होल्टेज तयार करणारा भाग) बदलली. मध्ये एकदा कार्बुरेटरमधून फट्‌ असा मोठा आवाज आला, त्यानंतर तोही नाही. आता नवा कार्बुरेटर घ्यावा का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. कार्बुरेटर खराब असूही शकेल, पण तो खराब आहे असं दाखवणारी एकही गोष्ट अजून तुमच्या हातात नाही. आधी एक मुद्दा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रोज चालणारी गाडी एके दिवशी अचानक बंद पडली तर दोष बहुतेक वेळा एकच असतो. उभी राहिलेली गाडी वेगळी. तिथे दोन वर्षांत सगळंच एकदम बिघडत असतं. कार्बुरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. डिस्ट्रिब्युटर प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवतो; त्यातल्या पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कावर, ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. रबरी पाइप कडक होऊन तडकतात. अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या, जोडावर गंज चढतो. त्यामुळे अशा गाडीत दोष क्वचितच एकटा असतो, आणि म्हणूनच ‘कॉइल बदलली, तरी चालू झाली नाही, म्हणजे कॉइल ठीक होती’ हा निष्कर्ष चुकतो. कॉइल खराब होती आणि शिवाय पेट्रोलही येत नव्हतं, असं असेल तर? एक दोष काढला तरी दुसरा इंजिनाला गप्पच ठेवणार. त्यात नवा बसवलेला भाग चांगलाच असेल याचीही खात्री नसते. नवीन कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे होणारा लखलखाट आवरणारा छोटा भाग) डब्यातून काढतानाच खराब निघालेले मी अनेकदा पाहिले आहेत.

म्हणून या कामात ‘इंजिन चालू झालं का?’ ही कसोटी बाजूला ठेवा. प्रत्येक व्यवस्था स्वतंत्रपणे सिद्ध करायची: ठिणगी आहे की नाही, ती वेळेवर पडते की नाही, पेट्रोल येतं की नाही, सिलिंडर हवा दाबतो की नाही. एकेक सिद्ध झालं की त्यावर खूण करा आणि परत त्याला हात लावू नका.

अगदी अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. मालकाने काही महिने सुटे भाग बदलण्यात घालवले होते. तपासल्यावर तीन गोष्टी सापडल्या: पॉइंटवर पापुद्रा, ऑटोमॅटिक चोकची (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणाऱ्या झडपेची) वायर कॉइलच्या चुकीच्या टोकावर, आणि टाकीकडून पंपाला येणाऱ्या पाइपला बारीक चीर. यातली कुठलीही एक गोष्ट तशीच राहिली असती तर इंजिन चालू झालं नसतं. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी सेल्फ मारून बघत बसलो असतो, तर पहिल्या दोन दुरुस्त्या व्यर्थ गेल्या असंच वाटलं असतं.

आग: हे वगळू नका

या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. शिवाय याच कप्प्यात, एका कोपऱ्यात, बॅटरी बसलेली असते. म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि जळणारा धातू सगळे हातभर अंतरात. जुन्या कॅम्पर इंजिनाच्या कप्प्यातूनच जळाल्याच्या घटना काही दुर्मीळ नाहीत.

तेव्हा सेल्फला हात लावण्याआधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप वाकवून बघा. वाकवल्यावर चिरा दिसल्या, टोक कडक लागलं किंवा नखाने दाबल्यावर पाइप परत फुगला नाही, तर तो बदलायचा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचं रबर ते फार काळ सोसत नाही. नवीन पाइप घेताना त्यावर जे30 आर9 (J30 R9) अशी दर्जाची खूण बघून घ्या. टाकीखालचा छोटा तुकडा इंजिन जागेवर असताना सहज हाताला लागत नाही, म्हणून तो नेहमी राहून जातो. तुम्ही तो राहू देऊ नका.

आणखी एक जागा बघायची. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल जिथून शिरतं ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते, वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती सैल होते. बोटांनी हलकेच पिळून बघा. हलली तर कार्बुरेटर काढून ती पक्की केल्याशिवाय इंजिन चालू करू नका. ती चालत्या गाडीत निसटली तर पंप थेट गरम इंजिनावर पेट्रोल ओतत राहतो. काम करताना अग्निशामक हाताशी असू द्या, आणि काम उघड्यावरच करा.

आधी हाताने फिरवा

गिअर न्यूट्रलला घ्या, चारही प्लग काढा आणि पाना लावून क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरचं चाक) दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा. ती सारख्या जोराने फिरायला हवी. मध्येच अडली तर जबरदस्ती करू नका. व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो किंवा सिलिंडरमध्ये गंज असू शकतो. प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून एक दिवस थांबा.

डिपस्टिक काढून वास घ्या. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वर चढली असेल, तर पंपाचा पडदा फाटलेला आहे किंवा पेट्रोल ओव्हर होऊन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त येऊन, सिलिंडरमधून खाली उतरलं आहे. तसलं पातळ तेल बेअरिंग सांभाळत नाही. नाहीतरी दोन वर्षांचं तेल बदलायचंच आहे. या इंजिनात जेमतेम अडीच लिटर लागतं, तेवढ्यासाठी काटकसर नको.

उभ्या गाडीत उंदीर आणि कुंभारमाशी घर करतात. सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घरटं असेल तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही. पंख्याच्या कवचात चिंध्या आणि गवत कोंबलेलं असेल तर इंजिन चालू होईल, पण हवा न मिळाल्यामुळे थोड्याच वेळात भाजून निघेल. टॉर्च लावून पंख्यातून आत बघा.

सेल्फ फिरतो म्हणजे सगळं ठीक, असं नाही

तुमचा सेल्फ इंजिन फिरवतो, ही चांगली गोष्ट. तरी एक मोजमाप घ्याच. मल्टीमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. स्थिर अवस्थेत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाता कामा नये. खाली गेलं तर इंजिन फिरताना दिसतं, पण कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही आणि ठिणगी मरते. नवीन बॅटरीसुद्धा दुकानात पडून उतरलेली असू शकते.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर लावा आणि परत सेल्फ मारा. आकडा 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थ खराब. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध मुख्यतः एका जाड विणलेल्या पट्टीनेच येतो. ही पट्टी गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला असते. ती गंजली की सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि ती केबल तापते. केबल गरम लागली तर दोष कुठे आहे हे वेगळं शोधायला नको.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

ठिणगी

इथे मी तुम्हाला जास्त वेळ थांबवणार आहे, कारण तुमचा दोष, किंवा तुमच्या दोषांपैकी एक तरी, इथे असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते.

कॉइलवर टोकांना आकडे असतात. 15 म्हणजे किल्लीने चालू होणारा धन, 1 म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणारी वायर. सेल्फकडे 30 म्हणजे बॅटरीचा थेट करंट आणि 50 म्हणजे किल्लीकडून सेल्फला मिळणारा इशारा. जर्मन गाड्यांत हे आकडे ठरलेले आहेत, एकदा लक्षात राहिले की जन्मभर उपयोगी पडतात.

किल्ली चालू करून 15 वर व्होल्टेज मोजा, मग सेल्फ मारताना मोजा. दोन्ही वेळा ते बॅटरीच्या त्या त्या वेळच्या व्होल्टेजच्या जवळ हवं. झिजलेल्या इग्निशन स्विचमध्ये सेल्फ मारताना नेमका 15 चा करंट तुटतो. त्याची खूण अशी की किल्ली सोडताना, त्या एका क्षणात इंजिन उठायचा प्रयत्न करतं.

आता 15 वर किती वायरी आहेत ते बघा. ऑटोमॅटिक चोकची वायर आणि कार्बुरेटरवरच्या आयडल कट-ऑफ सोलेनॉइडची (किल्ली बंद केल्यावर पेट्रोल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर, दोन्ही 15 वरच हव्यात. कॉइल बदलताना यातली एखादी 1 वर लावली जाणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि तुम्ही कॉइल बदलली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. चोकमध्ये तापणारी तार असते आणि तिचं दुसरं टोक अर्थला असतं. ती 1 ला जोडली की पॉइंट उघडले तरी कॉइलचा करंट तुटत नाही, तो चोकमधून वाहत राहतो. करंट झटकन तुटल्याशिवाय ठिणगी निर्माणच होत नाही. नवी कॉइल, नवे प्लग, नव्या वायरी, सगळं लावूनही काही नाही, असं दिसण्यामागे कितीदा तरी एवढीच एक चूक असते.

पुढची कसोटी साध्या टेस्ट लॅम्पची. लॅम्प 1 आणि अर्थ यांच्यामध्ये लावा आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघड-बंद होत आहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही पापुद्र्यामुळे जुळत नाहीत. अजिबात पेटला नाही तर 15 ला करंटच नाही, किंवा 1 कुठेतरी कायमचा अर्थ झाला आहे. तसं असल्यास डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची बारीक वायर बघा. तिचं आवरण घासून ती तळाच्या पत्र्याला टेकते.

पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, मोजता मात्र येतो. पॉइंट मिटलेले असतील अशा जागी इंजिन हाताने आणा, किल्ली चालू करा आणि 1 ते अर्थ व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य हवं, 0.3 च्या वर गेलं तर पॉइंट साफ करा. बारीक पॉलिश पेपरचा अरुंद तुकडा पॉइंटमध्ये धरून दोन-तीनदा ओढा, मग कोरा कडक कागद ओढा, म्हणजे खरखरीचे कण राहणार नाहीत. नवे पॉइंट बसवत असाल तरी पुसून घ्या, गंज धरू नये म्हणून त्यांना तेलाचा हात लावलेला असतो आणि तोच तेलाचा थर करंट अडवतो. मोजमाप झालं की किल्ली लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवली तर कॉइल तापून खराब होते.

पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट 0.4 मिमी हवी, फिलर गेजने बघा. दोन वर्षं उभी राहिल्यानंतर फट बिघडत नाही, पण उभी करण्याआधी ती कुणी बरोबर लावली होती याची काय खात्री?

मग प्रत्यक्ष ठिणगी बघायची. काढलेल्या प्लगपैकी एक घेऊन इंजिनाच्या धातूला टेकवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात धोका असा की प्लगच्या उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ती समोरच्या ठिणगीने पेटू शकते. म्हणून इंजिनातले प्लग जागेवर बसवा, एक जादा प्लग घ्या, जाड वायरीने त्याची बॉडी इंजिनाला पक्की अर्थ करा, कार्बुरेटरपासून लांब ठेवा आणि मग सेल्फ मारा. आधी कॉइलच्या मधल्या जाड वायरीवर बघा. ठिणगी निळसर पांढरी, टक्‌ टक्‌ आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक आणि मुकाट असेल तर ती उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली पडणार नाही. पिवळी ठिणगी आणि उघडताना पॉइंटवरच लखलखाट, ही जोडी दिसली तर संशय कंडेन्सरवर. यात जुना कंडेन्सर कधीही फेकू नका. जुना चालणारा कंडेन्सर हा नव्या अनोळखी कंडेन्सरपेक्षा जास्त भरवशाचा.

कॉइलच्या वायरीवर ठिणगी जोरदार आणि प्लगच्या वायरीवर काहीच नाही, असं असेल तर दोष मधल्या दोन वस्तूंत: कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) किंवा रोटर (त्याखाली फिरत प्रत्येक प्लगच्या वायरीला ठिणगी देणारा तुकडा). कॅपच्या आत मधोमध कोळशाची लहान कांडी स्प्रिंगवर असते, ती जागेवर आहे का बघा. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप गेली. रोटरच्या पोटातून ठिणगी आरपार जाऊन शाफ्टला मिळण्याचा प्रकारही घडतो, आणि तो वरून मुळीच दिसत नाही. आणि हो, कॅप उघडलीच आहे तर सेल्फ मारताना रोटर फिरतो आहे ना, हेही बघून घ्या.

तो एक फट्‌ आवाज

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात उपयोगी ओळ हीच आहे. कार्बुरेटरमधून आवाज आला याचा अर्थ त्या क्षणी ठिणगीही होती आणि पेट्रोलही होतं. फक्त ठिणगी पडली तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारा) उघडा होता, म्हणजे ती चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या सिलिंडरमध्ये पडली. प्लगच्या वायरी तुम्ही बदलल्या आहेत. माझा पहिला संशय त्यांच्या क्रमावर आहे.

गाडीच्या मागे उभे राहा, तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला. उजव्या हाताला 1 आणि 2, डाव्या हाताला 3 आणि 4. यातले 1 आणि 3 लांबचे, फ्लायव्हीलच्या बाजूचे, आणि 2 व 4 तुमच्या जवळचे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-4-3-2, आणि रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर एक बारीक खाच असते. रोटर त्या खाचेसमोर आला की ती 1 नंबरची जागा, तिथून काट्यांच्या दिशेने 4, मग 3, मग 2.

मात्र खाचेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. डिस्ट्रिब्युटरच्या खालचा जोड तिरका असल्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच पद्धतीने बसतो, हे खरं. पण त्याच्या खाली जो चालक शाफ्ट आहे तो इंजिन जोडताना कुणी उलटा बसवला असेल तर खाच खोटं बोलते. खरं सांगतात ते व्हॉल्व्ह. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा, पुलीची टीडीसीची (पिस्टन सिलिंडरच्या टोकाला पोचल्याची) खूण केसच्या मधल्या सांध्यासमोर आणा आणि 1 नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने हलवून बघा. दोन्ही किंचित सैल असतील तर 1 नंबर कॉम्प्रेशनवर, म्हणजे हवा दाबण्याच्या टप्प्यावर, आहे. एक जरी दबलेला असेल तर पुली आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. दोन्ही सैल असतील त्या क्षणी रोटर कॅपमधल्या ज्या टोकाकडे बघतो ती 1 नंबरची वायर, मग खाच कुठेही असो.

टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ लावण्यासाठी, स्ट्रोब लाइट लागत नाही, निदान इंजिन उठवण्यापुरतं तरी नाही. पुली टायमिंगच्या खुणेवर आणा, टेस्ट लॅम्प कॉइलच्या 1 आणि अर्थ यांच्यात लावा, किल्ली चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो आधी घड्याळाच्या दिशेने वळवा म्हणजे लॅम्प विझेल, मग हळूहळू उलट दिशेने. लॅम्प पेटतो तो क्षण पॉइंट उघडण्याचा. तिथेच घट्ट करा. किती अंशांवर लावायचं हे डिस्ट्रिब्युटरच्या प्रकारावर ठरतं, त्याच्या बॉडीवर क्रमांक कोरलेला असतो. पन्नास वर्षांत डिस्ट्रिब्युटर बदललेला असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून गाडीच्या सालावरून नाही, तर त्या क्रमांकावरून आकडा शोधा.

क्रम आणि टायमिंग दोन्ही बरोबर निघाले तर त्या आवाजाचं दुसरं कारण म्हणजे फार पातळ मिश्रण. या दोन पोर्टच्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डचे (कार्बुरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीचे) तुकडे रबरी बुटांनी जोडलेले असतात. ते फाटले की कार्बुरेटरला वळसा घालून हवा आत शिरते.

पेट्रोल

दोन वर्षांचं पेट्रोल टाकीतून काढून टाका. त्याचा हलका, लवकर पेटणारा अंश आधीच उडालेला असतो, आणि थंड इंजिन उठवायला नेमका तोच लागतो. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. पंप आधी तोच थर उचलतो. वरून ताजं पेट्रोल ओतल्याने हे सुटत नाही.

एअर फिल्टर काढून कार्बुरेटरच्या घशात बघा आणि किल्ली बंद ठेवून ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने झटकन दाबा. बारीक नळीतून पेट्रोलची जोरदार पिचकारी आली तर कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आहे. नाही आली तर मागे जा. कॉइलवरची 15 ची वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बुरेटरकडे जाणारा पाइप सोडवून लांब पाइपने काचेच्या बाटलीत सोडा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल धक्क्याधक्क्याने, ठसक्यात यायला हवं. बाटली झाकण लावून दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली पाण्याचा थर, तांबडी भुकटी, काळे कण, जे असेल ते दिसतं.

पेट्रोल आलं नाही तर लगेच पंपाला दोष देऊ नका. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपला चीर असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, आणि बाहेर गळतीचा थेंबही दिसत नाही. पंपाला थोडा वेळ छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल ओढायला द्या. आता नीट आलं तर पंप चांगला, दोष मागे. तरीही नाही आलं तर पंप काढा आणि खालचा पुशरॉड (पंप हलवणारा दांडा) तपासा. डायनॅमो असलेल्या इंजिनात तो 108 मिमीचा असतो, अल्टरनेटरच्या इंजिनात 100 मिमीचा. कुणी चुकीचा टाकला असेल तर पंप पुरता हलतच नाही.

पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत येतं, पण पिचकारी नाही, असं असेल तर फ्लोटची निडल (कार्बुरेटरमध्ये येणारं पेट्रोल उघड-बंद करणारी सुई) चिकटली आहे किंवा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बुजले आहेत. आता, आणि आत्ताच, कार्बुरेटर उघडा. तो खोलून क्लीनरने धुवा, प्रत्येक वाटेतून हवा मारा, नवीन गॅस्केट आणि निडल टाका. जेटमध्ये तार घालू नका, भोक रुंदावलं की ते मिश्रण पुन्हा कधी जमत नाही. मूळ कार्बुरेटर साफ करून वापरणं बहुतेक वेळा नवीन नक्कल घेण्यापेक्षा चांगलं, असं माझं ठाम मत आहे. त्याचे जेट या इंजिनासाठी बसवलेले आहेत.

उलट प्रकारही बघून ठेवा. सेल्फ मारल्यावर काढलेले प्लग ओलेचिंब असतील तर पेट्रोल ओव्हर होतं आहे. प्लग सुकवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, तो पंप करू नका, आणि सेल्फ मारा.

आयडल कट-ऑफ सोलेनॉइडची वायर किल्ली चालू असताना काढून लावली की टिक्‌ आवाज यायला हवा. तो न आल्याने इंजिन उठायचं थांबत नाही, पण उठून लगेच बंद पडतं.

कॉम्प्रेशन

सिलिंडर हवा किती दाबतो हे शेवटी, कारण दोन वर्षांपूर्वी गाडी चालत उभी केली असेल तर इथे मोठं काही निघण्याची शक्यता कमी. थंड इंजिनावर सगळ्या व्हॉल्व्हची फट 0.15 मिमी लावून घ्या, मगच मोजा. या इंजिनात व्हॉल्व्ह ताणले की फट कमी होते, आणि फट संपली की व्हॉल्व्ह मिटत नाही. 3 नंबरचा एक्झॉस्ट विशेष बघा. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजलं तर 7 ते 9 बार चांगलं. चारही जवळजवळ सारखे हवेत. एखादं अगदीच खाली असेल तर उभ्या अवस्थेत अडकलेला व्हॉल्व्ह आधी तपासा. सिलिंडरमध्ये तेल सोडून दोष रिंगमध्ये (पिस्टनभोवतीच्या कड्यांत) की व्हॉल्व्हमध्ये हे ठरवण्याची जी जुनी युक्ती आहे ती इथे फसवते. सिलिंडर आडवे असल्यामुळे तेल खालच्या बाजूला साचतं, रिंगभोवती सगळीकडे पोचत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

प्लग काढलेले असतानाच तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत, थांबत थांबत, सेल्फ मारा. तेवढ्यात तेल बेअरिंगपर्यंत पोचतं. प्लग बसवताना पहिले काही आटे हातानेच फिरवा, हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि आटे एकदा गेले की काम फार वाढतं. फॅन बेल्ट तपासा. पंखा त्याच्यावरच फिरतो, तो तुटला की इंजिन थंड करणारं दुसरं काहीच नाही. कोरड्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोल भरायला दहा-दहा सेकंदांच्या दोन-तीन फेऱ्या लागतात, तेव्हा पहिल्या झटक्यात उठलं नाही म्हणून परत सगळं उघडायला घेऊ नका. उठल्यावर लगेच मागे जा आणि पाइपचा प्रत्येक जोड कोरडा आहे का बघा. किल्लीजवळ दुसरं माणूस बसलेलं असावं, थेंब दिसताच बंद करायला.

हे करत असताना पाच गोष्टी लिहून ठेवा आणि मला कळवा: सेल्फ मारताना 15 वर किती व्होल्ट आले, पॉइंट मिटलेले असताना 1 वर किती आले, 1 वर एकूण किती वायरी सापडल्या, वायरींचा क्रम आधी काय होता, आणि काढलेले प्लग कोरडे होते की ओले. कार्बुरेटर घ्यायचा की नाही ते त्यानंतर बोलू.